तळ्यातल्या खेकड्यांचं चक्र

८ जुलै, सकाळ

वेबिनारचं सर्टिफिकेट आलं. लॅमिनेट करून हॉलमध्ये लावलं, सासऱ्यांच्या फोटोच्या जरा वर. बायकोने, तृप्तीने, खाली घ्यायला लावलं. ती शाळेत विज्ञान शिकवते, पण घरात विज्ञान आलं की तिचं तोंड वाकडं होतं.

चक्रीय मत्स्यशेतीचा हा वेबिनार दोन सकाळींचा होता. दुसऱ्या सकाळी नेट गेलं, पण गाभा मला पहिल्याच दिवशी समजला होता. तळ्यात मासे खातात आणि घाण करतात. उरलेलं खाद्य तळाशी कुजतं. ते सगळं गोड्या पाण्यातला झिंगा खातो, त्याच्या अंगातून नायट्रोजन-फॉस्फरस परत पाण्यात सुटतो, त्यावर शेवाळ वाढतं, आणि शेवाळ मासे खातात. म्हणजे चक्र. माणसाने फक्त बांधावर खुर्ची टाकून बसायचं. हा धंदा माझ्यासाठीच निघालाय असं वाटलं.

आमचं शेततळं विंचूरच्या अलीकडे, माळाच्या चढावर. माझं आणि धाकट्या भावाचं, धनराजचं, सामाईक. उन्हाळ्यात दोघांच्या द्राक्षबागा त्याच्यावर जगतात. आत कागद अंथरलेला आहे. आहे प्लास्टिकच, पण इकडे सगळे त्याला कागदच म्हणतात. चारी बाजूंनी मातीचा उंच बांध. बांधाच्या पायथ्याला लंकाकाकूचं घर. आई गेल्यावर आम्हा दोघा भावांना तिनेच वाढवलं. काका नाहीत, मूलबाळ नाही, एकटीच राहते, सोबतीला शेळ्या. मी रोज बांध उतरून मागच्या दाराने तिच्याकडे चहाला जातो.

ठराव: वर्षाच्या आत जिल्ह्यातलं पहिलं चक्रीय तळं. धनराजला सध्या सांगायचं नाही. तो लगेच प्रश्न विचारतो.

११ जुलै

झिंग्याच्या बीजासाठी, म्हणजे पिल्लांसाठी, फोन केले. बीज समुद्राकडून येतं म्हणे, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून. समोरचा माणूस मलाच विचारायला लागला, पाण्याचा पीएच किती, पाण्यात हवा सोडणारा एरेटर आहे का, रात्री लाइट असते का. गिऱ्हाईक मी आणि परीक्षा माझीच. फोन ठेवून दिला.

मग जेवताना सुचलं. झिंगा आणि खेकडा एकाच कुळातले. दोघांना कवच, दोघांचे पाय तेवढेच, दोघं तळाशी पडलेलं खातात. उलट खेकडा जास्त मजबूत, म्हणजे कामाला वाघ. आणि खेकडे पावसाळ्यात सुरगाण्याकडे पाहिजे तेवढे. वेबिनारवाल्यांना हे सुचलं नाही, कारण ते नाशिकचे नव्हते.

१५ जुलै

पिकअप घेऊन सुरगाण्याला जाऊन आलो. घाटात धुकं, खाचरांत भातलावणी चाललेली. रस्त्याच्या कडेला मंगळू नावाचा एक जण खेकड्यांच्या माळा घेऊन बसला होता, गवताने बांधलेल्या. म्हटलं सगळे दे, आणि पाड्यावर आणखी असतील तर तेही आण. त्याने विचारलं, लग्न कुणाचं? म्हटलं लग्न नाही, तळ्यात सोडायचेत. त्याने बायकोला, भागीबाईला, हाक मारून ही गोष्ट सांगितली. दोघं बराच वेळ हसत होते. साधी, आनंदी माणसं.

येताना मागे गोण्या आपोआप सरकत होत्या. ड्रायव्हर राजूने आरसा वळवून ठेवला.

१६ जुलै, सकाळी लवकर

धनराज उठायच्या आत सोडले. गवत कापलं की एकेक जण सरळ तळाला. एक मात्र वर आला आणि माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या नजरेत मला जबाबदारी दिसली.

रोहू-कटला माशांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आधीपासून आहेतच. आता खाद्य निम्मं करायचं. चक्र सुरू.

२३ जुलै

बांधावर बसलं की आवाज येतो. खर्र, खर्र. नवं पातेलं राखेने घासावं तसा. खेकडे कागदावरून वर चढतात, घसरतात, परत चढतात. तळ्याच्या कडेने, पाण्याच्या रेषेवर, गोल सगळीकडे हेच चाललंय. खेकड्याला अधूनमधून हवेवर यावं लागतं, असं आता मोबाइलवर वाचलं. वेबिनारमध्ये बहुतेक दुसऱ्या दिवशी असेल.

उपाय मीच काढला. ओली गोणपाटं कडेने सोडली, वर दगड बांधून. आता ते गोणपाटाखाली बसतात, दिसत नाहीत. आवाज गोणपाटाखालून येतो. म्हणजे मुक्काम आवडला.

४ ऑगस्ट

पाणी हिरवं झालं! फॉस्फरस परत आल्याचा याहून मोठा पुरावा काय पाहिजे. तृप्तीच्या शाळेतला अमोनिया तपासायचा किट आणला. रंग दोन खुणांच्या मध्ये आला. मी फिकी खूण धरली.

बोटुकली कमी दिसतात. लाजाळू झाली असतील. एका खेकड्याच्या नांगीत काहीतरी चमकत होतं, पण तो लगेच आत गेला.

धनराज आला. गोणपाट उचललं आणि तसंच खाली टाकलं. मग मला चक्र समजावून सांगावंच लागलं. काठीने मातीत मोठा गोल काढला. मासा, घाण, खेकडा, खत, शेवाळ, मासा. त्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, "दादा, ह्या गोलात आपला कागद कुठं हाय?"

म्हटलं कागद गोलात येत नाही, कागद निर्जीव आहे. तो निघून गेला. विज्ञानात त्याला कधीच गती नव्हती.

१८ ऑगस्ट

पाणी हातभर उतरलं. बाष्पीभवन. श्रावणात होतं का, असं तृप्तीने विचारलं. शिक्षकी पेशाचा हाच तोटा, घरातल्या माणसालाही तोंडी परीक्षा.

२५ ऑगस्ट

आणखी उतरलं. आता मात्र माझ्या लक्षात आलं. धनराज पाणी चोरतोय. तळ्याला त्याचा वेगळा व्हॉल्व्ह आहे. मी बांधावर नसताना खोलत असणार. पोळ्याला त्याच्याकडे जेवायला गेलो नाही. तो बोलवायला आला तेव्हा स्पष्ट विचारलं. तो पांढराफटक पडला. काकूची शपथ घेऊन म्हणाला, मी हातसुद्धा लावला नाही.

संध्याकाळी त्याच्या व्हॉल्व्हला कुलूप घातलं. त्याचा चेहरा आठवून थोडं वाईट वाटलं. पण धंदा म्हणजे धंदा.

३१ ऑगस्ट

कुलूप जागच्या जागी. पाणी उतरतंच आहे. म्हणजे त्याच्याकडे दुसरी किल्ली आहे.

६ सप्टेंबर

आज एक अद्भुत गोष्ट घडली. काकूच्या परसात, बांधाच्या पायथ्याला, झरा फुटला. करंगळीएवढा, पण थांबत नाही. काकू म्हणाली, चार दिवस माती ओली होती, आज पाणीच आलं. ह्या माळावर लोकांच्या बोअर कोरड्या जातात आणि इथे आपोआप झरा.

बराच वेळ बघत उभा राहिलो. मग कोडं सुटलं. आपल्या चक्रामुळे जमीन जिवंत झाली आणि भूजल वर आलं. वेबिनारमध्ये हा फायदा सांगितलेलासुद्धा नव्हता.

१३ सप्टेंबर

गावात बातमी पसरली. नवसाबाईने झऱ्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग बाकीच्या बायका आल्या. सरपंच नाथाआण्णा स्वतः येऊन गेले. त्यांना भूजलाचं सगळं समजावलं. त्यांनी जाहीर केलं, दसऱ्याच्या दिवशी बांधावरच कार्यक्रम घेऊ, शाल-श्रीफळ देऊ, तालुक्याचे लोक बोलवू. फोटोसाठी तळं भरलेलं पाहिजे, एवढं मात्र ते म्हणाले.

झऱ्यात आज एक रोहूचं बोटुकलं सापडलं. जिवंत. बायकांनी त्याला नमस्कार केला. जमिनीखालून वाटा कुठे कुठे जातात याचा अभ्यास करायला हवा.

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला शाल देणार आहे. हे इथे लिहायला हरकत नाही. फार बरं वाटतंय.

१८ सप्टेंबर

काकूच्या पिठाच्या डब्यात खेकडा निघाला. मागची भिंत कमरेएवढी ओली, हात लावला तर पोपडा सुटून येतो. म्हटलं पावसाळ्यात भिंती ओलावतातच. खेकड्याचं म्हणशील तर तो शेजाऱ्याकडून आला असेल. काकूला शेजारी नाही, हे मागाहून आठवलं.

संध्याकाळी तृप्तीने टेबलावर दोन परीक्षानळ्या ठेवल्या. एकीत तळ्याचं पाणी, दुसरीत झऱ्याचं. रंग सारखाच, अमोनिया सारखाच, वासही सारखा. मग माझ्याकडे बघत बसली. म्हटलं, निसर्ग एकच असतो. ती नळ्या धुवायला उठली.

मग धनराज आला. महिनाभराने माझ्या घरात पाऊल टाकलं त्याने. दोघांचं आधीच ठरलेलं दिसलं. म्हणाला, पाइप टाकून सायफन लावू, तळं रिकामं करू, कागद बघू. उन्हाळ्याचं पाणी गेलं तर गेलं, बागेचं बघून घेऊ. खाली काकू झोपते.

मी सांगितलं, चालू चक्र मध्येच तोडता येत नाही. आणि दसरा तोंडावर आलाय, मोकळ्या तळ्यावर सत्कार कोण करतो? कार्यक्रम झाला की बघू. तृप्ती म्हणाली, "तोपर्यंत तळ्याला सांगणार का तुम्ही, थांब म्हणून?"

घरातल्या माणसांना आपली प्रगती बघवत नाही हे आज कळलं.

२१ सप्टेंबर

स्वतः बांधाची पाहणी केली. काकूच्या बाजूला पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत जातो. माती भुसभुशीत म्हणजे सुपीक. वरच्या अंगाला एक चीर आहे, काठी घातली तर काठी आत गेली. उन्हाने माती तडकते. ऊन पडलं नव्हतं बरेच दिवस, पण आधीची असेल.

मग काकूकडे गेलो. ती शेळीचं पिल्लू मांडीवर घेऊन बसली होती. चहा दिला. मग विचारलं, "दीपक, मला शिकल्या माणसाचं काय कळत नाय. तू सांग. बांध ठीक हाय का? मी हितं झोपू का?"

मी छातीवर हात ठेवून सांगितलं, काकू, माझा शब्द. बिनघोर झोप.

तिने मान डोलावली आणि कप विसळायला उठली. तिचा माझ्यावर किती विश्वास आहे हे बघून भरून आलं. तृप्ती आणि धनराजने तिच्याकडून शिकावं.

२६ सप्टेंबर

तळं निम्म्यावर आलं. फोटोत वाईट दिसेल. विहिरीवरची मोटार चालू करून भरायला घेतलं. धनराजने फ्यूज काढून नेला. मी दुसरा आणून घातला. त्याने तोही नेला. मग वाकडी तार घालून काम भागवलं. भावाभावांत असं व्हायला नको होतं. पण मी मोठा आहे, मागे कसा येणार?

तळं भरतंय. झराही आता मनगटाएवढा झालाय. दोन्ही एकाच वेळी वाढतायत, हे चक्राचं यश.

२९ सप्टेंबर

परतीचा पाऊस दिवसभर. खेकडे तळ्याबाहेर निघाले. गोणपाटांवरून वर येतात, बांध ओलांडतात आणि दुसऱ्या बाजूने खाली, काकूच्या घराला वळसा घालून थेट ओढ्याकडे. रांग लागलीय. छोटेसुद्धा, पाठीवर चिखल घेऊन. घरापाशी एकही थांबत नाही. मी छत्री घेऊन उभा राहिलो, एक-दोघांना काठीने परत आत ढकललं. ते परत निघाले.

अर्थ असा लावला, की प्रजा वाढली आणि आता ते नव्या जागी चक्र सुरू करायला निघालेत. भाषणात हे घालायचं.

नाथाआण्णांचा फोन. स्टेज बांधावर नको, रस्त्यापलीकडच्या खळ्यावर घेऊ म्हणाले. का ते सांगितलं नाही. बहुतेक मंडपवाल्याची अडचण.

१ ऑक्टोबर, संध्याकाळ

भाषण तयार. सुरुवात काकूच्या उल्लेखाने. तिला पहिल्या रांगेत बसवणार.

बांधावर जाऊन आलो. तळं काठोकाठ. खर्र आवाज पूर्ण बंद. एकही खेकडा शिल्लक नाही. पाण्यावर तरंगसुद्धा नाही, फक्त चिरेच्या जागी बांध थोडा खाली बसलाय आणि आतून बारीक गळल्यासारखं ऐकू येतं. थोडा वेळ थांबलो. भाषण पुन्हा वाचायचं होतं, म्हणून लवकर परतलो.

तृप्तीने विचारलं, बांध कसा आहे? म्हटलं, शांत आहे.

ठराव: उद्या दसरा, लवकर उठायचं. नवा सदरा.

२ ऑक्टोबर, रात्री

पहाटे तळं फुटलं.

आवाज फार मोठा नव्हता. ट्रॉलीतून माती ओतावी तसा. मी धावलो तेव्हा काकूच्या घराच्या बाजूचा बांध नव्हताच. मधोमध मोठी फट, आणि तिच्यातून फाटका कागद बाहेर लोंबत होता. पाणी निघून गेलं होतं. काकूच्या घराची मागची भिंत पडली होती, अर्ध्या घरावर पत्रा टेकला होता, आत छातीएवढा गाळ. तिची बाज जिथे असते तिथे बाजेचा एक पाय वर आला होता.

मी हातांनी गाळ काढायला लागलो. काकू, काकू असं ओरडत होतो. उत्तर नाही. नखं निघाली तरी थांबता येईना. कोणीतरी फावडं आणून देतोय हे दिसत होतं, पण हातात धरता येत नव्हतं. त्या वेळी माझ्या डोक्यात चक्र नव्हतं, शाल नव्हती, काहीच नव्हतं. मी तिला शब्द दिला होता, एवढंच होतं. मी रडत होतो आणि खणत होतो.

मग मागून कोणीतरी खांद्याला हात लावला. वळून बघितलं तर काकू. अंगावर धनराजची शाल, पायात त्याच्या चपला. तिच्यामागे धनराज.

ती गेले कितीतरी दिवस धनराजकडे झोपत होती. संध्याकाळी आपल्या घरी दिवा लावायची, दाराला कडी घालायची आणि शेळ्या घेऊन शेतातून जायची. सकाळी मी चहाला यायच्या आत परत. माझ्या मनाला लागू नये म्हणून. तृप्तीला माहीत होतं. नाथाआण्णांना माहीत होतं. हळदकुंकू वाहणाऱ्या नवसाबाईलाही माहीत होतं.

मी चिखलात तसाच बसून राहिलो. धनराजने मला उठवलं.

३ ऑक्टोबर

पाणी गेलं. उन्हाळ्याला काही नाही. मासे ओढ्याच्या काठाने पडलेत, बगळे आलेत. कागद वर काढून बघितला. पाण्याच्या रेषेवर सगळीकडे बारीक भोकं, गोणपाटं होती तिथे जास्त. त्यामागे बांधात बिळं, हात घातला तर खांद्यापर्यंत जातो.

धनराजच्या व्हॉल्व्हचं कुलूप शोधून काढलं आणि उघडलं. त्याला म्हणालो, तू पाणी घेत नव्हतास. तो म्हणाला, हो. मग आम्ही दोघांनी मिळून काकूची भांडी गाळातून काढली.

५ ऑक्टोबर

काकूची बाज आता धनराजच्या ओसरीवर. आज हिय्या करून तिच्याशेजारी जाऊन बसलो. विचारलं, मी शब्द दिला होता, तरी तू गेलीस. तुला कसं कळलं?

ती शेंगा फोडत होती. वर न बघता म्हणाली, "तू छातीवर हात ठेवला तवा मला वाटलं, आसंल बी ठीक. पण त्या दिशी तू आला तो रस्त्यानं फिरून, म्होरच्या दारानं. तळं झाल्यापासनं रोज बांधावरनं उतरून मागल्या दारानं येणारा पोरगा तू. तू जाताना बी फिरूनच गेला. मंग मी उशी घेतली."

हे मी त्या दिवशी इथे लिहिलेलं नाही. लिहिण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

मी तिला सांगितलं, त्या दिवशी पायात नवी चप्पल होती, खाली चिखल होता, म्हणून फिरून आलो. ती हो म्हणाली आणि निवडलेले दाणे माझ्या हातावर ठेवले.